कुसाआत्याचा काळा रस्सा

दिंडोरीच्या एका रिसॉर्टने रविवारी 'अस्सल गावरान रस्सा महोत्सव' भरवला आणि खाद्यसंस्कृतीची अभ्यासक म्हणून मला परीक्षक नेमले. वाडग्यात साय होती, काजू होते, वर पुदिन्याचे पान होते. नव्हते ते फक्त भाजून काळे केलेले खोबरे. मी गुणपत्रिका कोरीच परत केली. राग संयोजकांवर नव्हता. अज्ञानाला क्षमा करता येते. जाणत्या माणसाने बोललेल्या खोट्याला ती सवलत नाही.

सोमवारी सकाळी मी गाडी विद्यापीठाऐवजी कळवणच्या रस्त्याला लावली.

आई लवकर गेल्यावर तिथल्या गावात मला वाढवले ते कुसाआत्याने. खोबऱ्याची अख्खी वाटी ती निखाऱ्यांवर काळी होईपर्यंत भाजायची, कांदा सालीसकट राखेत पुरायची आणि सगळे पाट्यावर वाटायची. मी त्या वाटणातल्या कोंबडीवर शिकले; संदर्भग्रंथांनी याबद्दल रागावू नये. माझ्या एम.ए.च्या निकालासाठी तिने एक कोंबडा राखला होता. त्याच आठवड्यात मी देवव्रतला प्रथमच घरी नेणार होते. पंचवटीत त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या पूजा सांगितल्या जात. मी आत्याला म्हटले, "मी आता खात नाही. सोडलंय." तिने कोंबडा मुकाट्याने शेजारी देऊन टाकला. ज्याच्यासाठी हे खोटे रचले, त्या देवव्रतने लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात हॉटेलात तंदुरी मागवली आणि हाडे चोखून स्वच्छ केली. तरीही आत्यापुढे मी गप्पच राहिले. एकतीस वर्षे.

आत्या ओट्यावर बसून शेंगा निवडत होती.

"अगं उज्ज्वले! फोन तरी करायचा. थांब, तुझी भांडी काढते."

"माझी भांडी?"

तिने कपाटातून गाठोडे आणून सोडले. आत कढई, ताट, दोन वाट्या आणि पळी होती.

"यांना कधी वशाटाचा हात लागू दिला नाय. सून नवी आली तवा तिनं ही कढई कोंबडीला घेतली, तं लय बोलले मी तिला. सोडलेल्या मान्साला बाटलेल्या भांड्यात वाढलं तं पाप वाढणारीला लागतं."

लोकांच्या चुलींवर मी दोन ग्रंथ लिहिले आहेत. या घरी मी दरवर्षी जेवले आणि माझे ताट कुठून येते हे एकदाही विचारले नाही.

"आत्या, मी सोडलं नव्हतं. खोटं बोलले. मला लाज वाटली होती."

"कशाची?"

"रश्शाची. घराच्या वासाची." पुढचा शब्द जड गेला. "तुझी पण."

आत्याने पळी उचलली, पदराने पुसली, परत ठेवली.

"म्हंजी इतकी वर्सं मी तुला डाळच घालत ऱ्हायले?"

"हो."

"आन् तू खात ऱ्हायली?"

"हो."

"शिकून येडी झाली तू." तिने डोळे पुसले. "आन् जावई?"

"ते माझ्याहून जास्त खातात."

"मेल्याला दर खेपेला शिरा केला मी! साजूक तुपातला!" ती रडता रडता हसू लागली, आणि तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की माझा चष्मा शेंगांत पडला.

जरा वेळाने मी विचारले, "आज करशील?"

"आज सोमवार हाय."

"मग उद्या?"

"उद्या मंगळवार, गडावरच्या देवीचा. बुधवारी. तवर हितून हालायचं नाय."

मी तिथूनच विभागात फोन लावला आणि तीन दिवसांची रजा मागितली. पलीकडच्या लिपिकाने अर्जात कारण काय लिहू, असे विचारले. कौटुंबिक, अपरिहार्य, असे चांगले शब्द जवळ होते.

"घरी कोंबडी आहे," मी म्हणाले.

आत्या शेजारीच उभी होती. "मोठ्यानं सांग," ती म्हणाली, "त्याला आयकू गेलं नसंल."