खांद्यामागून पाहिलेला खेळ

मित्रांनो, जरा माझ्याकडे तोंड करून उभे राहा. मी व्हिडिओ गेमची एक जुनी पेटी आहे, आणि माणसांच्या पाठी मी जन्मभर पुरतील इतक्या पाहिल्या आहेत.

असे का, ते सांगते. माझी भर उमेदीची वर्षे एका सिनेमा थिएटरच्या दालनात गेली. तिकिटांची खिडकी आणि जिन्याखालचा आरसा यांच्या मधोमध माझी जागा होती. लोक लवकर येत, वेळ जात नाही म्हणून माझ्यापाशी थांबत आणि बघता बघता खेळात रंगून जात. तेवढ्यात घंटा वाजे. दारावरचा माणूस ओरडे, "चला, चला, सुरू झाला!" मग भरल्या ताटावरून उठावे तसे सगळे उठत आणि माझ्याकडे पाठ करून आत जात. दार बंद होई. आतून हसण्याचे, टाळ्यांचे आवाज येत. आत होते तरी काय? एक पांढरा पडदा. त्याला ना माझ्यासारखे बटण, ना खेळायचा दांडा. तुम्ही काहीही करा, तो आपलेच घोडे पुढे दामटणार. आणि हाक मारली की ओ देणारी मी मात्र बाहेर, आरशात स्वतःचेच तोंड बघत बसलेली. त्या पडद्याचा मला इतका मत्सर वाटे की माझ्या काचेवर धूळ बसली तरी वाटायचे, हीसुद्धा त्यानेच धाडली असणार.

पण जन्मापासून सांगायला हवे. मला घडवले एका बाईने. ती टीव्ही दुरुस्त करायची. लोकांच्या पडद्यांवरच्या मुंग्या घालवता घालवता तिला वाटले, आपल्याही पडद्यावर आपले एखादे माणूस असावे. माझी लाकडी कुडी तिच्या धाकट्या दिराने केली. तो सुतार होता, आणि त्याच्या हातापेक्षा तोंड जास्त चालायचे.

"वहिनी, हे कपाट म्हणावं तर याला दार नाही. टेबल म्हणावं तर उतरतं. करतोय काय मी नक्की?"

"भाऊजी, तुम्ही रंधा मारा. नाव मी ठेवते."

तो तिला वहिनी म्हणे, म्हणून शेजारी, दुकानदार, थिएटरचा मालक, सगळेच तिला वहिनी म्हणू लागले. मीही म्हणते.

वहिनींनी माझ्या पोटात जो खेळ भरला त्याचे नाव 'दिवेवाली'. एका दीपगृहाचा उंच जिना, आणि हातात कंदील घेऊन तो चढणारी बोटाच्या पेराएवढी बाई. समुद्रातून जहाज येत असते. ते खडकावर आपटण्याआधी तिने वर पोचून मोठा दिवा लावायचा. वाटेत खिडक्या असतात आणि कोणत्या खिडकीतून वारा येईल याचा नेम नाही. वारा आला की दांडा झटकन आपल्याकडे ओढायचा. मग ती पाठ वळवते आणि कंदील पोटाशी धरते. उशीर झाला की कंदील विझला, खेळ संपला. दिवा लागला की पुढचा मनोरा आणखी उंच. मारामारी नाही, राक्षस नाही. फक्त एक बाई, एक ज्योत आणि वारा.

मला हजारो हातांनी हाताळले, पण मी जीव लावला तो एकाच हाताला. कॉलेजात जाणारा एक मुलगा होता. त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो आला की इतर बाजूला होत. दांड्यावर त्याची बोटे अशी पडत जशी तबल्यावर पडावीत. घंटा वाजली तरी तो आत जात नसे! जगात तो एकटाच असा होता की ज्याने त्या पडद्याकडे पाठ केली आणि माझ्याकडे तोंड. मी त्याची झाले.

फक्त एक गोष्ट मला खुपायची. त्याच्याबरोबर त्याच्या मावशीची मुलगी यायची. त्याच्याच वयाची, जाड काचांचा चष्मा लावणारी. आल्याबरोबर तो न बघताच आपली पिशवी मागे धरी आणि ती घेई. मग त्याच्या खांद्यामागून ती सगळा खेळ बघायची आणि ओरडायची, "वारा! अरे वारा!"

"दिसतोय मला, चष्मिश! कानात कशाला ओरडतेस?"

"मग ओढ ना! विझेल ती!"

कोणी तिला म्हणे, "तू खेळ की." ती मान हलवून नाही म्हणे. मला संताप येई. जिने कधी मला हातही लावला नाही, ती माझ्या उस्तादाच्या कानात ओरडणार! आणि खरे सांगते, दिवा लागल्यावर तो पहिल्यांदा मागे वळून तिच्याकडे बघे. माझ्याकडे नाही.

पुढे ते थिएटर बंद पडले. खुर्च्या गेल्या, आरसा गेला, तो पडदासुद्धा गुंडाळून कुठेतरी नेला. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्याच ट्रकमधून मीही निघाले. वहिनींनी मला आपल्या दुरुस्तीच्या दुकानात मागच्या भिंतीशी ठेवले. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे आले. दांड्याला कोणी ओला रुमाल वाळत घातला. वर्षांमागून वर्षे गेली. मग कुणीतरी 'दिवेवाली' मोबाइलवर आणली आणि जिकडे तिकडे तिचे नाव झाले. माझी दिवेवाली, आणि ती कुणाच्याही खिशात! दुकानात येणारी गिऱ्हाइके माझ्यासमोर उभी राहून तळहातावरच्या काचेवर तिला जिना चढवत. माझ्यावरचा रुमालही कोणी काढला नाही.

आणि मग ती बातमी आली. 'दिवेवाली'वर सिनेमा होणार.

म्हणजे त्याच पडद्यावर! ज्याने माझी माणसे पळवली, तो आता माझी लेकही नेणार. मला आत तारेला तार लागल्यासारखे झाले.

सिनेमाचा करार करताना वहिनींनी एकच अट घातली होती. सिनेमा कोणी करायचा ते त्या स्वतः ठरवणार. आणि त्या ठरवणार माझ्यासमोर. "ज्याला करायचाय त्यानं आधी हिच्यावर खेळून दाखवावं," त्या म्हणाल्या. त्यांचे केस आता पांढरे झाले होते, पण आवाज तोच होता. त्यांनी स्वतः माझ्यावरचे डबे उतरवले, काच पुसली, आणि दीर म्हणाला, "वहिनी, मुलगी बघायला पाहुणे येणार असल्यासारखं चाललंय तुमचं."

"मुलगीच आहे. चांगल्या घरी पडायला हवी."

पहिले आले एक नावाजलेले साहेब. त्यांनी बरोबर एका माणसाला खेळायला आणले आणि स्वतः फोनवर बोलत राहिले. मधेच म्हणाले, "आपण हिच्या हातात कंदिलाऐवजी बंदूक देऊ. आणि वाऱ्याच्या जागी एक खलनायक."

"त्याच्याकडे कंदील द्या मग," दीर म्हणाला. साहेबांना चहा मिळाला, सिनेमा मिळाला नाही.

नंतर आला उस्ताद. माझा उस्ताद! कानशिलावर पांढरे आले होते. तो आता मोठा दिग्दर्शक झाला होता, पळापळीचे धडाकेबाज सिनेमे करणारा. त्याने माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, मी ह्या धंद्यात आलो ते एक दिवस हिचा सिनेमा करायचा म्हणूनच. दुसऱ्या कुणाला दिलात तर मला झोप लागणार नाही." मी ऐकून धन्य झाले. आता सगळे ठीक होणार होते.

तेवढ्यात दारातून चष्मिश आत आली.

"तू? इथं कशी?" उस्ताद म्हणाला.

"तू आलास तशीच. मीही विचारलं होतं वहिनींना."

"मला बोललीसुद्धा नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

तीही सिनेमे करत होती, लहान लहान, फारसे कोणी न पाहिलेले. आधी ती खेळली. मित्रांनो, तिला पहिला मनोरासुद्धा चढता येईना. पहिल्याच खिडकीत कंदील विझला. पुन्हा विझला. मी इतकी सुखावले की माझे दिवे जरा जास्तच लखलखले असतील. मग उस्ताद पुढे झाला. सवयीने त्याने न बघताच पिशवी मागे धरली. तिनेही सवयीनेच ती घेतली.

आणि तो खेळला! बोटे विसरली नव्हती. मनोऱ्यामागून मनोरे. मी जीव तोडून त्याला साथ दिली. मागून अधूनमधून तिचा आवाज येत होता, "वारा! वारा!" शेवटी त्याने हसत हात वर केले आणि वहिनींकडे पाहिले.

वहिनी माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या चष्मिशकडे बघत होत्या.

"सिनेमा हिनं करायचा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, हिला एक जिना चढता येत नाही!"

"नसेल. पण तुम्ही खेळत होतात तेव्हा मी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. वर काय चाललंय ते सगळं मला हिच्या तोंडावर दिसत होतं. थिएटरात कुणाच्या हातात दांडा नसतो, बाबा. सगळी हिच्यासारखीच बसलेली असतात, दुसऱ्याचा कंदील विझेल म्हणून घाबरत. तुम्हाला अजून भीती वाटते का वारा आला की?"

उस्तादाने दांडा एकदा ओढून पाहिला. नंतर म्हणाला, "नाही. सगळं पाठ आहे मला." आणि तडक निघून गेला. त्याची पिशवी तिच्या हातातच राहिली. ती मागे धावली, "दादा, ऐक तरी!" पण परत आली ती पिशवी घेऊनच.

मी तिला क्षमा केली नाही. आजही पुरती केली आहे असे म्हणवत नाही.

सिनेमा तयार झाला. पहिल्या खेळाच्या दिवशी शोभेसाठी म्हणून मला एका नव्या थिएटरच्या दालनात नेऊन ठेवले. लोकांची झुंबड उडाली. माझ्याबरोबर फोटो निघाले. आणि मग, अहो, घंटा वाजली! सगळ्या पाठी पुन्हा माझ्याकडे. दार बंद झाले. आतून वाऱ्याचा आवाज आला, मोठा, शेकडो खिडक्यांतून आल्यासारखा. वहिनी आत होत्या, दीर आत होता. माझी दिवेवाली आत होती, घराएवढी मोठी, आणि मी बाहेर.

बऱ्याच वेळाने जिन्यावरून कोणी उतरले. उस्ताद. तिकीट काढून आला होता, पण आत पाऊल पडत नव्हते. तो माझ्यापाशी आला आणि दांड्याला नुसता हात लावून उभा राहिला. "तुझीही तीच गत ना?" तो म्हणाला. एकमेकांचे दुखणे आम्हा दोघांनाच ठाऊक.

तेवढ्यात आतले दार किलकिले झाले आणि चष्मिश बाहेर आली, खांद्यावर भली थोरली पिशवी, तोंड उतरलेले. "मला नाही बघवत," ती म्हणाली, आणि समोर त्याला पाहून थबकली.

 इतक्यात आतून, भरल्या थिएटरातून, लहान-थोर शेकडो गळ्यांतून एकच आरोळी उठली, "वारा!"

उस्तादाच्या हाताने दांडा आपल्याकडे ओढला. माझा पडदा बंद होता, तरी ओढला. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिले आणि हसू लागला. "काय गं, अख्ख्या गावाला माझ्या कानात ओरडायला शिकवलंस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने चष्मा पुसायला पिशवी सावरली, तसा त्याने हात पुढे केला.

"दे ती इकडे. मी धरतो. तू जा आत, तुझी माणसं बसलीत."

"तू?"

"येतो की. तुझ्या मागच्या रांगेत बसतो."

ती पुढे आणि तो मागे, पिशवी घेऊन, दोघे आत गेले. माझ्याकडे पाठ करून. पण दारात वळून त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मला ते पुरले. जवळजवळ पुरले.

मित्रांनो, मी आता त्याच दालनात असते. खेळ चालू आहे, काच स्वच्छ आहे. माझे एवढेच मागणे आहे. माझ्यावर डबे ठेवू नका, रुमाल वाळत घालू नका. आणि खेळायला येताना एकटे येऊ नका. खांद्यामागे कोणीतरी असू द्या, तुमच्या ज्योतीसाठी तुमच्याहून जास्त घाबरणारे. त्याची कदर करा. घंटा वाजली तर खुशाल जा, मी अडवणार नाही. मात्र दारात पोचल्यावर एकदा वळून बघा. मी बघत असते.