जेववलेली मडकी

जयश्रीनं पहिल्या मडक्यावर बोटाचं पेर मारलं, तसं ते झांजेसारखं वाजलं. दुसरं वाजलं, तिसरंही वाजलं. दाभोश्याच्या वरच्या पाड्यात विकणाऱ्यानंच मडकं वाजवून दाखवायचं, अशी रीत आहे. घेणाऱ्याला स्वतः हात उचलावा लागला, तर विकणाऱ्याची अब्रू गेली म्हणून समजा.

समोर बाजेवर प्राजक्ताताई बसल्या होत्या. ठाण्यात हाताच्या वस्तूंचं एक दुकान आहे, त्याच्यासाठी त्या गावोगाव फिरून माल निवडतात. जीपवाला हेमराज त्यांना जव्हारहून घेऊन आला होता. मडकी पन्नास होती, एकाच आव्यात भाजलेली. तीस जयश्रीची, वीस शेजारच्या सोनीची.

सोनी कुडाला टेकून उभी होती. शेजारी उंबऱ्यावर तिचं गाठोडं बांधून तयार होतं. नवरा ढवळू पंधरा दिवसांपूर्वीच भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला होता. त्याच्याशी फोनवर ठरलं होतं ते असं, की मडकी पास झाली तर सोनीनं घरी राहायचं, मातीचंच काम करायचं आणि लेकीची, रोशनीची आठवी मोडायची नाही. नापास झाली, तर मायलेकींनी आजच्या टेम्पोत बसायचं. टेम्पो खाली सडकेला येऊन उभा होता. भावेश मुकादम मधून मधून हॉर्न दाबत होता.

"तुमची तीस उत्तम आहेत," प्राजक्ताताई म्हणाल्या. "आता ह्यांची बघू."

जयश्रीनं सोनीचं पहिलं मडकं गुडघ्यावर घेऊन पेर मारलं.

बद्द.

जयश्रीचा हात तिथंच थांबला. तिनं दुसरं घेतलं. तेही बद्द. तिसरं उचलताना तिनं सोनीकडे पाहिलं. सोनीच्या तोंडावर भीती नव्हतीच. लेक सासरी निघाली की आईच्या तोंडावर असतं तसलं काहीतरी होतं.

"तडकलंय का?" प्राजक्ताताई उठून जवळ आल्या. मडकं उजेडाकडे धरून त्यांनी आत बघितलं. आतून करडे ओघळ, बाहेरून बुडाला काजळी. "अहो, हे तर वापरलेलं आहे! चुलीवर चढवलंय हे."

"चढवलंय," सोनी म्हणाली.

"सगळी?"

"वीसच्या वीस."

जयश्रीनं मडक्यात नाक घातलं. नागलीच्या पेजेचा वास आला आणि तिला सगळं उमगलं. पाड्यात बाजारी मडकं कोरं देतात. पण लेकीला, बहिणीला, आपल्या माणसाला द्यायचं मडकं आधी जेववतात. त्यात पातळ पेज शिजवायची, रात्रभर मुरू द्यायची, म्हणजे मातीची बारीक भोकं बुजतात, पाणी झिरपत नाही आणि पहिल्या जेवणाला मातीची चव उतरत नाही. अशा मडक्यात ओल राहते. आठ-दहा दिवस ते वाजत नाही.

"सोने, अगं कुणी सांगितलं तुला हे?"

"बुवांनी."

"कोणत्या बुवांनी?"

"सप्त्यात कीर्तन नाय झालं? बुवा म्हणले, दारी येईल तो परका नाय, त्याच्या रूपानं देव येतो. तू शेजारी बसून मान हलवत हुतीस की. मंग देवाला कोरं मडकं देऊ?"

 मान जयश्रीनं हलवली होती, हे खरं. त्या ओळीला मृदंग असा काही घुमला होता की डोळ्यांत पाणी आलं होतं. पण घरी येऊन तिनं स्वतःची मडकी बाजारासारखी कोरीच ठेवली होती. ऐकलं दोघींनी आणि खरं मानलं एकीनं.

खालून हॉर्न आला, या वेळी लांबलचक.

"ताई, ह्यात दोष नाही," जयश्री घाईनं म्हणाली. "तुम्ही ह्यात भात करा, डाळ करा, बघा तरी—"

"मला पटतंय. पण शेल्फवर काजळी लागलेलं मडकं कोण घेईल? लोक म्हणतील, जुनं खपवतात." त्यांनी फोन काढला. "रेंज कुठं मिळते?"

"त्या हेदीच्या झाडापाशी, दगडावर चढून," हेमराज म्हणाला. "खाली उतरलात का गेली."

प्राजक्ताताई झाडाकडे गेल्या.  दगडावर त्यांचा हात वर-खाली होताना दिसत होता, शब्द मात्र ऐकू येत नव्हते.

"पुन्हा आव्यात घातली तर?" जयश्री पुटपुटली. "काजळी जळून जाईल."

"ओली हायती. फुटतील."

"एक घालून बघू."

"वहिनी, जेवलेल्याला परत आगीत घालतात का कुणी?" सोनी कडक आवाजात म्हणाली. 

भावेश वर आला. तोंडात तंबाखू, हातात किल्ली. "काय सोनीबाय, झालं का तुझं प्रदर्शन? बायामाणसं बसून बसून माझ्या नावानं शिव्या देतात. विटा काय वाजवायला लागत नाय, ये चल."

"थांब जरा."

"किती थांबू? ढवळ्यानं सांगितलंय घेऊन ये म्हणून."

"ढवळ्यानं सांगितलंय मडकी बघून ये म्हणून. अर्धंच ऐकतो काय तू?"

हेमराज हसला. भावेशनं तंबाखू थुंकली, पण गेला नाही.

प्राजक्ताताई परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरच निकाल होता. "आज फक्त कोरी मडकी घेता येतील. जयश्रीताईंची तीस."

"मंग माझी पण राहू द्या," जयश्री लगेच म्हणाली. "आवा एक, माती एक. निम्मी न्यायची नि निम्मी टाकायची, असं नाही चालत आमच्यात."

"वहिनी!" सोनी कुडापासून पुढं आली. "माझ्यावर उपकार नको करू. तुझी गेली तर पाड्याचं नाव तरी पोचंल तिकडं. जाऊ दे ती."

"अगं पण तू—"

"जाऊ दे म्हणते ना!"

जयश्रीच्या डोळ्यांना पदर लागला. हेमराज मुकाट्यानं तीस मडकी पेंढ्यात गुंडाळू लागला. सोनी उंबऱ्याकडे वळली आणि गाठोड्यावर हात ठेवून उभी राहिली.

"सोनीताई," प्राजक्ताताई म्हणाल्या, "बारा दिवसांनी मी मोखाड्याला येणार आहे, येताना इकडून जाईन. वीस कोरी मडकी तयार असतील तर बघेन. घेईनच, असा शब्द आज देत नाही. तुम्ही वाजवून दाखवा, मग सांगेन."

सोनीनं मनाशी हिशेब केला. दोन दिवस माती भिजायला, दोन थापायला, सहा सावलीत वाळायला, एक आव्याला, एक निवायला. बरोबर बारा. एक दिवस ढगाळ निघाला की संपलं.

"आणि बारा दिवसांनी नाही घेतली तर?" भावेश म्हणाला. "तेव्हा माझ्याकडं येशील. मी आजच दुसरी बाई बसवणार, सांगून ठेवतो. ढवळ्याला काय सांगू?"

सोनीनं गाठोड्यावरचा हात काढला.

"कोरीच द्यायची ना?" तिनं विचारलं. भावेशला नाही, ताईंना.

"कोरीच."

"म्हंजे उपाशीच पाठवायची."

 प्राजक्ताताईंनी वही उघडली. "पेज नेणाऱ्यानं घातली तर? तुम्ही सांगा, मी लिहून घेते. प्रत्येक मडक्याबरोबर चिठ्ठी देऊ. आजच्या तीसबरोबरसुद्धा."

"शेरातल्या बाईला जमंल?"

"सांगून तर बघा."

सोनी गाठोडं ओलांडून बाहेर आली आणि बाजेसमोर जमिनीवर बसली.

"लिवा. आदी मडकं दिसभर पाण्यात बुडवायचं. बुडबुडं थांबले का काढायचं. नागलीचं पीठ मूठभर. नागली नसंल तर तांदळाचं चालंल. पेज पातळ करायची. आग बारीक ठेवायची, घाई केली का तडकंल."

"हं. बारीक आग."

"रातभर झाकून ठेवायचं. सकाळी काढायचं."

"सोनीबाय, मी चाललो!" भावेश ओरडला.

"जा," ती वळूनही न बघता म्हणाली. "ढवळूला सांग, बारा दिवसांनी फोन करीन. तवर काय बोलू नको म्हणावं."

भावेश दगड तुडवत उतरून गेला. थोड्या वेळानं टेम्पोचं इंजिन सुरू झालं. जयश्री तिकडे बघत होती. सोनी बघत नव्हती, पण तिचे ओठ हलायचे थांबले होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत प्राजक्ताताईंनी पेन तसंच वर धरून ठेवलं.

"पुढे?" मग त्यांनी हळूच विचारलं.

"पुढं... ती पहिली पेज फेकायची नाय. आन एकटीनं प्यायची बी नाय. दारात कुणी आसंल त्याला बोलवायचं, वाढायची. कुणीच नसंल तर शेजारणीला हाक मारायची. हे नीट लिवा, ताई. ठळक लिवा."

प्राजक्ताताईंनी ठळक लिहिलं.

सोनी उठली, हात झटकले. ऊन अजून अंगणात होतं.

"वहिनी, पाटी आन कुदळ दे तुझी. नदीवर माती खणायला चालले."

"थांब, मी पण येते," जयश्री म्हणाली.