नाववालीला दहा

सापवाली सासू, नवा पिक्चर: दहापैकी चार. सासू झकास, साप रबराचा.

टकल्या आणि सोळा गुंड, जुना: सहा. मारामारी चांगली, पण तो टकल्या अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही जेवला नाही. रिकाम्या पोटी सोळा जण लोळवतो म्हणे! मधे कुठं बसून दोन घास खाल्ले असते, तर सात दिले असते.

हे असं मी रोज पाटीवर खडूनं लिहिते. हाजी मुवोंगेंच्या किबांड्याच्या दाराशी माझी चूल आहे आणि चुलीमागं ही पाटी. किबांडा म्हणजे आमच्या लांबू बंदरावरचं पत्र्याचं थेटर: सात बाकं, एक मोठा टीव्ही, आणि कोपऱ्यात व्हीजेची खुर्ची. पिक्चर येतात कुठल्या कुठल्या देशांतले, आम्हाला एक अक्षर कळत नाही. मग व्हीजे माइक घेऊन बसतो आणि पडद्यावर कोण काय बोलतंय ते आमच्या लुगांडा भाषेत सांगत जातो. आमचा व्हीजे सेकाबेंबे. हीरो मेला तरी त्याच्याकडून एक विनोद सुटतोच.

मासेमारीवरून आलेले लोक माझ्याकडून तळलेला कसावा घेतात आणि विचारतात, "नालोंगो, आजचा कसा आहे?" जुळ्यांच्या आईला आमच्याकडं नालोंगोच म्हणतात, माझं खरं नाव आता मलाच आठवावं लागतं. मी पाटीकडं बोट करते. तीनच्या खाली आकडा असला की लोक कसावा खाऊन घरी जातात. हाजींनी यावर पुष्कळ आदळआपट केली. मी म्हटलं, "हाजी, पिक्चर बरा आणा, आकडा बरा मिळेल."

दहा मी आयुष्यात एकदाच दिले. ते पाटीच्या माथ्यावर आहेत, खडूनं नाही, तेलरंगानं: नाववाली, १०. त्या पिक्चरचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. बावीस वर्षं झाली. माझा नवरा कियिंगी तेव्हा तळ्यावर गेला आणि आलाच नाही. होडी सापडली, माणूस नाही. मी महिनाभर पाण्याच्या काठी बसून होते, मांडीवर दोन पोरी. कुणी जेव म्हटलं तर अंगावर धावून जायचे. एके दुपारी उन्हाचा चटका नको म्हणून नुसती थेटरात जाऊन बसले, आणि नाववाली लागला होता.

त्यातही एक बाई आहे, नदीकाठी राहणारी. नवरा होडी घेऊन जातो तो जातोच. ती काठावर बसून राहते. शेवटी एक माणूस पत्र आणून देतो. बाई पत्र वाचते, ढसाढसा रडते, उठते, भांडं उचलते आणि चालू लागते. ते पत्र नवऱ्याचं. सेकाबेंबेच्या तोंडून दर वर्षी ऐकलेलं मला पाठ आहे: "पाण्याकडं बघत बसू नकोस. मी तिकडून येणार नाही. पोरींना उपाशी ठेवू नकोस. भांडं उचल, चूल पेटव. लोकांना भूक लागतेच."

दुसऱ्या दिवशी मी थेटराच्या दाराशी चूल पेटवली. कियिंगीच्या होडीचा निळा रंग डब्यात उरला होता, त्यानं पाटीवर दहा रंगवले. दोन्ही पोरी याच चुलीवर मोठ्या झाल्या, शिकल्या, सासरी गेल्या. ज्या कुणी परक्या माणसानं ते पत्र लिहिलं, त्याला मी रोज प्रार्थनेत आठवते. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी माझ्या जिवाचं कळलं होतं, याचा केवढा आधार वाटायचा!

तर गेल्या महिन्यात हाजी एक बोटाएवढा पेनड्राइव्ह घेऊन आले. शहरातल्या कुठल्याशा नामी व्हीजेनं आधीच बोलून ठेवलेले पिक्चर त्यात होते. आता माणूस बसवायची गरज नाही म्हणाले.

"आणि सेकाबेंबे?" मी विचारलं.

"म्हातारा झाला तो. आवाज बसलाय. पण मी अन्याय करणारा माणूस नाही. रविवारी एकच पिक्चर दोनदा लावू. दोन वाजता पेनड्राइव्हचा, चारला सेकाबेंबेचा. आकडा तुम्ही द्या. ज्याचा आकडा मोठा तो राहील. लोक तुमचंच ऐकतात, माझं कोण ऐकतंय!"

"पिक्चर मी निवडणार."

"निवडा."

मी तिथल्या तिथं नाववाली सांगितला. मनात म्हटलं, यात सेकाबेंबेला हरवणारा अजून जन्मायचाय. धावत जाऊन त्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा पार उतरला.

"दुसरा निवड ना, नालोंगो. टकल्या घे."

"का? घाबरलास?"

"शहरातले लोक पडद्याखाली उमटणाऱ्या पाट्या वाचून खरा अर्थ सांगतात म्हणे," तो पुटपुटला. मला काही कळलं नाही. मी त्याला भित्रट म्हटलं आणि निघून आले.

रविवारी दोनला मी चूल झाकली आणि पुढच्या बाकावर बसले. शेजारी सुकी मासळी विकणारी नाबोसा, जिभेची माझ्यापेक्षा तिखट. शहरातल्या व्हीजेचा आवाज होता गुळगुळीत, एकही विनोद नाही. मी मनात पाच ठरवले. मग पत्र आलं. माझा हात आपोआप माझ्या गोमेसीचा, पायघोळ झग्याचा, सोगा पदरासारखा धरून डोळ्यांकडं गेला.

आणि तो आवाज म्हणाला, "नदीवर पूल झाला आहे. नावेचा घाट बंद करण्यात येत आहे. महिनाअखेर झोपडी रिकामी करावी."

बाई रडली. भांडं उचलून चालू लागली. संपलं.

"अगं बाई, सरकारी नोटीस होती होय ती!" नाबोसा हसायला लागली. "आणि आपण बावीस वर्षं रडतोय!"

मी तशीच उठले. सेकाबेंबे बाहेर माझ्याच स्टुलावर बसला होता, ताटलीत कसावा घेऊन.

"पत्रात काय होतं?" मी विचारलं.

"ऐकलंस ना आत्ता."

"आणि तू काय सांगत होतास?"

"मला ती भाषा येते होय? अर्ध्याहून जास्त पिक्चर मी अंदाजानंच सांगतो, नालोंगो."

"अंदाजानं? पोरींना उपाशी ठेवू नकोस, हे अंदाजानं? त्या बाईला पोरी आहेत कुठं! एकदा तरी दिसल्या का पिक्चरमध्ये?"

बावीस वर्षं मी आकडे देत होते आणि एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं ताटली खाली ठेवली.

"त्या दिवशी सगळं बंदर मासाक्याला लग्नाला गेलं होतं," तो म्हणाला. "थेटरात तू एकटी. पिक्चरकडं बघतसुद्धा नव्हतीस. पोरी रडत होत्या. तुझ्याशी बोलायला गेलं की तू दगड उचलायचीस. मग म्हटलं, माइकवरून तरी सांगावं."

"लबाडा! मी त्या परक्या माणसाला रोज दुवा देतेय."

"दे की. माझं काय जातंय?"

मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू? जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. जो होता तो रोज माझ्याकडून कसावा उधळपट्टीनं मीठ घालून खात होता आणि मी त्याच्या विनोदांना चारच्या वर आकडा दिला नव्हता. मला रडू आलं, आणि त्याच्यासमोर रडायची लाज वाटली म्हणून मी उगाच चूल फुंकली.

चारच्या खेळाला थेटर भरून लोक बाहेर उभे राहिले. पुलाची बातमी तोवर बंदरभर झाली होती. सेकाबेंबेचा आवाज खरंच बसला होता. विनोद केले, पण कुणी हसेना. सगळे पत्राची वाट बघत होते. पडद्यावर माणूस पत्र घेऊन आला, बाईनं ते उघडलं, आणि सेकाबेंबे गप्प झाला. माइकची नुसती खरखर.

"सांग की रे," नाबोसा ओरडली, "पूल झाला म्हणून!"

लोक खो खो हसले. सेकाबेंबेनं माइक खाली ठेवला. हाजी दाराशी पेनड्राइव्ह खिशातून काढून उभे होते.

मी उठले. "सेकाबेंबे," मी म्हटलं, "तो पूल ठेव बाजूला. माझं पत्र वाच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. माइक उचलला.

"पाण्याकडं बघत बसू नकोस," तो म्हणाला. "मी तिकडून येणार नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी पुढचं वाक्य त्याच्याबरोबर म्हटलं. मग आणखी दोघं. ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ होतं. भांडं उचल, चूल पेटव, हे तर अख्खं थेटर म्हणालं, नाबोसासुद्धा. मी काही म्हटलं नाही. मला ऐकायचं होतं.

खेळ सुटल्यावर हाजी पाटीपाशी आले. "बोला, आकडा?"

"पिक्चरला चार," मी म्हटलं. "पूल पूल म्हणतात, तर एकदा तरी दाखवायचा होता!"

"आणि सेकाबेंबेला?"

मी कसावा सोलायची सुरी घेतली आणि पाटीच्या माथ्यावरचं नाववाली खरवडायला लागले. जुना रंग, निघता निघेना, हाताला फोड आला. हाजींनी ते बघितलं आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला. खरवडलेल्या जागी मी खडूनं सेकाबेंबे लिहिलं. खडू पुसला जातो, म्हणून आता रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ते नाव पुन्हा लिहिते. शेजारचे दहा मात्र तसेच आहेत, कियिंगीच्या रंगातले.