देवाची डबी सोन्याची झाली

मित्रांनो, लिंबाएवढी एक जुनी चांदीची डबी तुमच्याशी बोलत आहे. उदगीरच्या एका कारागिराने मला घडवले. आत लिंगायतांचे पूजेचे इष्टलिंग ठेवून मला दोऱ्याने गळ्यात बांधतात, एवढेच माझे काम. महानंदाला सासरी पाठवताना तिच्या आईने मला तिच्या गळ्यात बांधले आणि बजावले, "लिंग तळहातावर असताना खोटं बोलू नको, बाई." त्यानंतर वीस वर्षे मी तिच्या छातीवर राहिले. तिचे हसणे-रडणे सगळ्यांआधी मला कळायचे.

तिचा नवरा संगमेश. अहमदपुरात त्याला सगळे अप्पा म्हणत, तेही प्रेमाने नव्हे, भीतीने. दुसऱ्याच्या प्लॉटवर माणसे घालून ताबा घ्यायचा, हा त्याचा धंदा. पण गृहस्थ भारी धार्मिक. पूजा झाल्याशिवाय चहा घेत नसे. सोमवारी त्याच्या घरात कांदा-लसूण चालत नसे, कुणाचा पाय मोडायचा असला तर सोमवारही चाले. मठाला दिलेल्या पंख्याच्या पात्यांवर त्याने आपले नाव एवढे मोठे घातले होते, की पंखा सुरू झाला की लोकांना बरे वाटे. महानंदाला सगळे ठाऊक होते. सुरुवातीला ती रडायची. मग गाडी आली, लातूरला फ्लॅट झाला आणि रडणे कमी होत गेले. मला त्याचे फार वाईट वाटायचे.

गेल्या उन्हाळ्यात अप्पाच्या माणसांनी केवळाबाई नावाच्या विधवेचे घर भरदुपारी रिकामे केले. तिच्या पेटीत लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नासाठी जपलेली बोरमाळ होती. संध्याकाळी ती माळ महानंदाच्या हातात आली.

"कुणाची हाय ही?" तिने विचारले.

"तुझी," अप्पा म्हणाला.

तिने ती गळ्यात घातली नाही. दोन दिवस रुमालात बांधून ठेवली. परत द्यावी असे तिच्या मनात होते, हे मी शपथेवर सांगते. तिसऱ्या दिवशी ती पूजेला बसली असताना केवळाबाईच दारात आली. माझे झाकण उघडे होते आणि लिंग महानंदाच्या डाव्या तळहातावर होते.

"अक्का, प्लॉट गेला तर गेला. माळ तेवढी द्या. सोयरे माळ बघूनच हो म्हणलेत. लगीन पंधरा दिवसांवर आलंय."

महानंदाने रुमाल ठेवलेल्या कपाटाकडे पाहिले. आता ही उठणार, रुमाल आणणार, असे मला वाटले. "थांबा, मावशी," ती म्हणाली. तिने लिंग माझ्यात ठेवले, माझे झाकण दाबून लावले आणि मग म्हणाली, "माळ माझ्याकडं न्हाई. मी बघितली बी न्हाई."

आईचा शब्द तिने असा पाळला. त्या पापात मी वाटेकरी झाले, याची मला आजही लाज वाटते.

ऋतुजाचे लग्न मोडले. माळ कुणाच्या नजरेला पडली तर बोभाटा होईल, म्हणून अप्पाने ती आटवली आणि लिंगासाठी सोन्याची डबी करून घेतली. "देवाच्या कामी लागलं की कशाचं पाप?" तो म्हणाला. महानंदाने मान डोलावली. पाहुण्यांनी नव्या डबीचे फार कौतुक केले. मी कपाटात काळी पडले.

श्रावणात दानधर्म करावा म्हणून महानंदा केवळाबाईच्या भाड्याच्या खोलीवर गेली. बरोबर एक साडी होती आणि मी होते.

"चांदी हाय, मावशी. पोरीला पैंजण करा."

केवळाबाईची नजर तिच्या गळ्याकडे गेली. "नवी केली का, अक्का?"

"हाव. देव हाय आत."

केवळाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि त्या डबीला वाकून नमस्कार केला. आपल्याच सोन्यापुढे ती वाकली होती. महानंदाने साडी तिच्या हातात ठेवली आणि ती उठली. दारातून बाहेर पडताना तिचा चेहरा दान केल्याच्या समाधानाने फुलला होता.

केवळाबाईने मला पैंजणासाठी ठेवले नाही. खोलीचे भाडे थकले होते. आज मी सोनाराच्या दुकानात आहे आणि शेजारी धातू वितळवायची मूस तापते आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी धातू आहे, दुसरे काहीतरी होईन. ऋतुजाचे मोडलेले लग्न काही आटवून पुन्हा घडवता येणार नाही. म्हणून एवढेच मागते. कुणी आपली वस्तू मागायला तुमच्या दारात आले, तर त्याला दान देऊ नका. त्याची वस्तू त्याला द्या.