प्रोमायाचा पुरावा

नेवेनाचं जाहिरातीचं खातं मंगळवारी सकाळी बंद पडलं, आणि तिच्या सासूबाईंनी, म्हणजे कोसाराबाईंनी, दुपारपर्यंत तिच्यासाठी दुसरी नोकरी ठरवूनही टाकली. नणंदेच्या बेकरीत. पहाटे तीनला उठायचं, मणभर पीठ मळायचं आणि वर नणंदेचे टोमणे खायचे. नेवेनाने नवऱ्याला, मियाला, बजावलं की त्यापेक्षा मी मेंढ्या राखायला जाईन. मेंढ्या आहेत कुणाकडे, असं मियाने विचारलं. हा माणूस कधी म्हणून उपयोगी पडायचा नाही.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. घाम येतो ते काम. स्वयंपाकघरात कॉम्प्युटरपुढे बसून बोटं हलवायची, त्याला काम म्हणत नाहीत. आता खातंच गेलं म्हटल्यावर त्यांचंच खरं झालं.

तसा धंदा सरळ होता. सुबोतित्सा गावातला एक कारखाना दाराखालच्या फटीला लावायचे लांब कापडी लोड बनवी. इंटरनेटवर कुणी ‘दाराची फट’ असं शोधलं की सगळ्यात वर नेवेनाची जाहिरात दिसे. तीवर बोट ठेवलं की तिचं पान उघडे, तिथून गिऱ्हाईक कारखान्याकडे जाई आणि विक्रीमागे थोडी दलाली नेवेनाला मिळे. दुसऱ्याचा माल विकणाऱ्यांवर जाहिरात कंपनीचा डोळा असतो, म्हणून ती नियम अगदी सोवळ्याने पाळी. आपल्याला दलाली मिळते हे तिने पानाच्या डोक्यावरच लिहिलं होतं. जाहिरातीत जी किंमत तीच पानावर. कारखान्याच्या नावाआड लपायचं नाही, ‘शेवटचे दहाच उरले’ असल्या थापा मारायच्या नाहीत. एवढं करूनही पत्र आलं: पुराव्याविना आरोग्यविषयक दावा.

कुठला दावा, ते मेल्यांनी लिहिलं नव्हतं. तीन वेळा दाद मागता येत होती, त्यानंतर खातं कायमचं बंद.

नेवेनाने पान बारकाईने वाचलं आणि ‘मऊ’ हा शब्द काढला. मऊ म्हटलं की आराम आला, आराम म्हटलं की आरोग्य आलं. अर्ज फेटाळला गेला. मग मियाच्या सांगण्यावरून तिने शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या स्मिल्याबाईंना बोलावलं. त्या शिकलेल्या बाई. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि ‘खोळ धुता येते’ यावर बोट ठेवलं, कारण धुणं म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे रोग. तेही काढलं. दुसरा अर्जही फेटाळला गेला.

आणि पानाच्या मधोमध, ठळक अक्षरात, एक वाक्य होतं: ‘प्रोमाया अडवा, म्हणजे मान आखडणार नाही, दात ठणकणार नाही, तोंड वाकडं होणार नाही.’ प्रोमाया म्हणजे दाराच्या फटीतून शिरून समोरच्या खिडकीतून निघणारा वारा, उभ्या माणसाला आडवं करणारा. आणि त्यांच्या व्रशात्स गावात वारा काही कमी नाही. घरातल्या तिघांनी आणि स्मिल्याबाईंनी ते वाक्य दहा-दहा वेळा वाचलं आणि दहाही वेळा ओलांडून पुढे गेले. यात दावा कसला? चूल चटका देते असं लिहिलं, तर तो काय दावा झाला?

तिसऱ्या अर्जावर कंपनीने एक जिवंत माणूस दिला. शुक्रवारी दुपारी तो पडद्यावर आला. नाव एस्को, राहणार फिनलंड. सर्बियन भाषा पुस्तकातून शिकलेला, शब्द न् शब्द इस्त्री केलेला. सासूबाई शेंगा सोलायच्या निमित्ताने बाजूला येऊन बसल्या. एस्कोच्या मागे खिडकी सताड उघडी होती, दारही उघडं होतं आणि मध्ये पडदा फडफडत होता. सासूबाईंचे हात थांबले.

“बाई, वाऱ्याने तोंड वाकडं होतं, याचा पुरावा काय?” त्याने विचारलं.

नेवेनाला वाटलं, थट्टा करतोय. मग तिने झिवान मामांची हकिगत सांगितली. बसमध्ये दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि मामा पांचेव्होला उतरले तेव्हा त्यांचं तोंड कानाकडे सरकलं होतं. एस्कोने सगळं टिपून घेतलं आणि यावर छापील संशोधन आहे का असं विचारलं.

“मामांच्या तोंडावर?” नेवेना म्हणाली.

त्याने नम्रपणे सांगितलं, की त्यांच्याकडे थंडीतही मुद्दाम वारा खेळवतात, तान्ह्या मुलांना बाहेर अंगणात झोपवतात. सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि शेंगांचं भांडं लवंडलं. एस्को पुढे म्हणाला, तेवढं एक वाक्य आत्ता माझ्यासमोर पुसा, बाकी तुमचं पान इतकं स्वच्छ मी क्वचित पाहिलंय, मी लगेच खातं उघडतो.

नेवेनाचं बोट पुढे होईना. आजवर तिने त्या पानावर एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. धोका माहीत असून लोकांना सांगायचा नाही, मग आपल्यात आणि थापाड्यांत फरक तो काय? उद्या कुणा बाईची मान आखडली तर? इकडे बेकरी डोळ्यांसमोर उभी. तिला रडूच आलं.

“पूस गं ते,” सासूबाई म्हणाल्या. “आपल्या लोकांना हे लिहून सांगावं लागतं होय? आणि बेकरीचं विसर. असल्यांना रोज तोंड द्यायचं, हे काम नाही तर काय आहे?”

नेवेनाने वाक्य पुसलं. एस्कोने पान वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं आणि उत्तम, आता मंजुरी देतो, असं म्हणाला.

“बाळा, आधी ती खिडकी लाव,” सासूबाई कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून म्हणाल्या.

त्याची गरज नाही, असं तो म्हणाला. सासूबाई हलल्या नाहीत. गरज तुला नसेल, मला बघवत नाही, असं त्यांनी ऐकवलं. एस्को बिचारा सभ्य. उठला, खिडकी लावली, दारही लावलं, आणि परत बसताना नकळत एकदा मान चोळली.

सासूबाईंनी ते बरोबर टिपलं. त्यांचे डोळे लकाकले.

“बघ. हाच तो पुराव...”

नेवेनाने सासूच्या तोंडावर गच्च हात ठेवला. एस्कोने मंजुरीचं बटण अजून दाबलेलं नव्हतं.