चौतिसाव्या तारेवरचा निरोप

ताईच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह बिघडला, तेव्हा तिच्या धाकट्या भावानं एका ऑफिसच्या भंगारातल्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह काढून त्यात बसवला. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. जी वस्तू वरखाली किंवा आतबाहेर होते ती आपल्याला कळते, असं त्याचं म्हणणं होतं.

ताई स्वेटर विणायची. घरातल्या प्रत्येकाची एक फ्लॉपी होती. मापं, नमुना, कितव्या ओळीला किती टाके कमी करायचे, सगळं त्यात.

"टकटक थांबली की रे," ताई पहिल्याच दिवशी म्हणाली. जुना ड्राइव्ह रिकामा असला की दर दोन सेकंदांनी टक् करायचा.

"थांबणारच. चांगल्यातला आहे हा," भाऊ म्हणाला.

महिन्याभरात ताईनं नवऱ्याचा स्वेटर विणायला घेतला. अंग झालं. मध्येच तिनं नातीची फ्लॉपी घालून काहीतरी बघितलं, मग परत नवऱ्याची घातली आणि बाहीचं पान उघडलं. कॉम्प्युटरनं लक्षात ठेवलेलं नातीचंच पान दाखवलं. आकडे लहान वाटले, पण कॉम्प्युटर चुकत नाही असं भावानंच तिला सांगितलं होतं. नवऱ्यानं स्वेटर घातला. बाह्या कोपराच्या वरच संपल्या.

"हात मोकळे राहतात," तो म्हणाला आणि भांडी घासायला गेला.

पुढच्या आठवड्यात ताईनं भावाची फ्लॉपी घालून त्यात नवीन नमुना साठवला. मग भावाला फोन केला.

"तुझी फ्लॉपी गेली."

"कुठे?"

"जाते कुठे, डब्यातच आहे. पण उघडत नाही."

रविवारी सकाळी भाऊ पेचकस, मीटर आणि स्पिरिटची बाटली घेऊन आला.

"तू नीट दाबत नसशील," तो म्हणाला.

"आत जाते ना? मग अजून किती दाबू?"

त्यानं ड्राइव्ह जेवणाच्या टेबलावर उघडला. आत काडीच्या गुलाएवढं एक बटण होतं. फ्लॉपी आत गेली की दाबलं जायचं, बाहेर आली की सुटायचं. त्यानं ते स्पिरिटनं पुसलं. फ्लॉपी बदलली. पडद्यावर यादी आधीच्याच फ्लॉपीची. परत पुसलं.

"चकचकीत झालं," ताईचा नवरा वाकून बघत म्हणाला.

"चालत नाहीये, भावोजी."

"ते मी कुठे म्हटलं?"

मग भावानं मीटर लावला. ड्राइव्हपासून कॉम्प्युटरकडे चौतीस तारांची एक पट्टी जात होती; बटण सुटलं की तिच्यातल्या शेवटच्या, चौतिसाव्या तारेवर काटा हलत होता. त्यानं कॉम्प्युटरचं माहितीपुस्तक उघडलं, एक पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"फ्लॉपी बदलली, हे ड्राइव्ह चौतिसाव्या तारेवर सांगतोय. कॉम्प्युटर दोन नंबरच्या तारेला कान लावून बसलाय. त्याला वाटतं, पहिलीच अजून आत आहे. म्हणून माझ्या फ्लॉपीवर त्यानं दुसऱ्याच कुणाची समजून लिहिलं."

"आणि टकटक?"

"आत काही नाही हे कॉम्प्युटरला कळलं, तरच ड्राइव्ह टकटक करतो."

"म्हणजे चांगल्यातला म्हणून टकटक थांबली म्हणालास, तो बिघाड होता."

भावानं सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली. एवढ्या काळजीनं ती तापताना त्यानं आजवर कधी बघितली नव्हती.

चौतिसावी तार तोडून त्यानं ती दोन नंबरच्या तारेला जोडली. कॉम्प्युटर सुरू केला. टक्. दोन सेकंदांनी परत टक्. तीन फ्लॉप्या घातल्या, तिन्हींच्या याद्या बरोबर आल्या. भावाची मात्र उघडली नाही ती नाहीच. चार स्वेटरांची मापं गेली.

"चूक माझी होती, ताई," तो शेवटी म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. "उभा राहा. हात वर कर."

तिनं पोटाभोवती टेप धरली, आकडा वाचला आणि लिहिला नाही.

"श्वास सोड," ती म्हणाली. "खरं माप पाहिजे."