लसणाची साक्ष

डॉक्टर सरनोबतांचा जगात दोनच गोष्टींवर पक्का विश्वास होता. एक त्यांचं ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब द्रावण मोजणारी काचेची नळी, आणि दुसरे ते स्वतः. दोन्हींत हवेचा बुडबुडा राहून जाऊ शकतो, हे तेजस्वीच्या ध्यानात यायला पीएचडीची चार वर्षं गेली.

तेजस्वी कागलची. कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून सरांच्या हाताखाली खाद्यपदार्थांतलं सल्फाइट मोजत होती. सल्फाइट म्हणजे टिकाऊपणासाठी आणि रंग राखायला घालतात ते रसायन. जास्त झालं की दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. बेदाणे झाले, सुके अंजीर झाले, तीन प्रकरणं सुरळीत पार पडली. चौथं प्रकरण सरांच्या डोक्यातून निघालं होतं: बचत गटांच्या कांदा-लसूण मसाल्यातलं सल्फाइट.

पद्धत जवळपास शंभर वर्षांची. नमुना आम्लात उकळायचा, निघालेला वायू नायट्रोजनच्या झोताबरोबर पिवळ्या द्रावणात न्यायचा. सल्फाइट असेल तर पिवळं गुलाबी होतं. मग ब्युरेटमधून थेंबथेंब अल्कली सोडून ते पुन्हा पिवळं करायचं, आणि किती लागली त्यावरून सल्फाइट काढायचं. महागडं मशीन नको की पुण्याला हेलपाटा नको. सरांना ही पद्धत आवडायची, कारण ती उलट बोलत नसे.

बचत गटांचे सगळे नमुने गुलाबी झाले. एकही पिवळा राहिला नाही. सरही आनंदानं गुलाबी झाले आणि रंकाळ्यावर फिरताना भेटलेल्या एका वार्ताहराला सांगून मोकळे झाले. ‘घरगुती मसाल्यात रसायन?’ अशी बातमी आली. त्यातलं प्रश्नचिन्ह वर्तमानपत्राचं होतं. सरांकडे प्रश्नचिन्ह नव्हतं.

राहिलं होतं एकच काम. ज्यात सल्फाइट नाहीच, असा एक मसाला त्याच पद्धतीनं तपासायचा. तो पिवळाच राहिला की बाकीच्यांचा गुलाबी रंग खरा. याला ब्लँक म्हणतात. तेजस्वीनं फार डोकं चालवलं नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या कुठल्याही पोरीच्या कपाटात असते तशी तिच्याकडेही घरच्या मसाल्याची बरणी होती. दोन चमचे काढून फ्लास्कमध्ये टाकले.

गुलाबी.

तिनं फ्लास्क धुतला, नळ्या धुतल्या, आम्ल नवं घेतलं. परत गुलाबी. आता तिनं आईला फोन लावला.

“आई, मसाल्यात काय काय घातलंय गं?”

“का? पोट बिघडलं व्हय?”

“न्हाय. कसली पावडर-बिवडर घातलीस का?”

“पावडर?” आईचा आवाज चढला. “मी काय कारखानदारीण हाय? तूच की बसलीवतीस कांडपावर माझ्याबरोबर शिंकत. मिरची, खोबरं, तीळ, धनं, कांदा, लसूण. लसूण तर तूच सोललास आणि हाताचा वास जाईना म्हणून आठवडाभर बोंबललीस. शिकून हेच इचारायला लागलीस काय?”

हे बाकी खरं होतं. या मसाल्याच्या प्रत्येक कणाला तेजस्वी साक्षीदार होती.

सरांनी ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण उघडलं. सरांचा नियम असा की महत्त्वाचा विषय निघाला की जेवायला बसायचं. तोंड भरलेलं असलं की समोरच्यालाच बोलावं लागतं.

“आईवर माया असावी,” घास गिळून ते म्हणाले, “तिच्यावर मोजमाप बसवू नये. ब्लँक बदल. नाहीतर पाण्याचा ब्लँक आहेच की, तो लाव.”

“पाण्यात लसूण नसतो, सर.”

“म्हणजे?”

म्हणजे काय ते तिलाही अजून ठाऊक नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं होतं. मग ते खरं करून दाखवणं आलं. तिनं आईच्या मसाल्यातला एकेक जिन्नस लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणला आणि एकेकाला फ्लास्कमध्ये बसवलं. मिरची पिवळी राहिली. खोबरं, तीळ, धने पिवळे राहिले. कांद्यानं किंचित रंग बदलला. लसूण, तिनं स्वतः सोललेला, ज्याला नळाच्या पाण्याखेरीज कशाचा स्पर्श झाला नव्हता, तो मात्र लाजलेल्या नवरीसारखा गुलाबी झाला. मग तिनं जुनी नियतकालिकं धुंडाळली. परदेशात लोकांचे हात या लसणानं आधीच पोळले होते आणि तसं त्यांनी छापूनही ठेवलं होतं. इथं कुणी वाचलं नव्हतं, एवढंच. ती स्वतःही त्यात आलीच.

“मग अख्खं कोल्हापूर सल्फाइट खातंय म्हण!” सर हसले.

“कोल्हापूर लसूण खातंय, सर. उकळत्या आम्लात लसूणच मोडतो आणि तोच वायू सोडतो. आपण वायू मोजतो. तो कुणाच्या घरातून आला हे आपल्या पद्धतीला कळत नाही.”

“मी मसाल्यात मुद्दाम मोजून सल्फाइट घातलं होतं. शंभरातलं सत्त्याण्णव परत मिळालं. आणखी काय पुरावा पाहिजे?”

“म्हणजे चोर सापडतो, हे सिद्ध झालं. साव सुटतो, हे कुठं झालं?”

सरांनी डब्याचं झाकण लावलं. अर्धं जेवण तसंच होतं, यावरून प्रकरण कुठवर गेलं ते तिनं ओळखलं.

“प्रबंधावर सही कुणाची लागते, ठाऊक आहे ना? पुढच्या आठवड्यात समितीपुढं चौथं प्रकरण आहे तसं मांडायचं. नाहीतर नवा विषय शोध आणि नवा गाईडही.”

चार वर्षं एका पारड्यात आणि एक लसणाची पाकळी दुसऱ्यात. तेजस्वीनं दोन दिवस हा काटा बघितला. चार वर्षांचं पारडं खाली जातही होतं. पण तेवढ्यात शालूबाई आल्या.

शालूबाई कळंब्याच्या बचत गटाच्या प्रमुख. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून त्यांनी मोकळ्या आवाजात विचारलं, “आमच्या मसाल्यात रसायन काढणारी पोरगी कंची?”

सगळ्यांनी तेजस्वीकडं बघितलं. प्रयोगशाळेत एकी अशा वेळीच दिसते.

“तू व्हय? नमुना मागाय आलतीस तवा च्या पिऊन गेलीस. मी म्हटलं, शिकणारी पोर हाय, वरून चटणीची पुडीबी दिली. आन तू पेपरात घातलंस? मेसवाल्यानं सगळा माल परत धाडला. बाया मला इचारत्यात, अक्का, तुमी गुपचूप काय घालत हुता? माझ्याच बाया!”

“बातमी मी दिली नाही, मावशी.”

“आकडा कुणी दिला?”

आकडा तिनंच दिला होता, चार दशांशांपर्यंत.

“सोमवारी या,” तेजस्वी म्हणाली. “समितीपुढं बोलणार आहे. कुणालाही येऊन बसता येतं.”

“बसून काय करू?”

“मी काय बोलते ते ऐका. पटलं नाही तर तिथंच बोला.”

“ते सांगाय लागत न्हाय,” शालूबाई म्हणाल्या.

सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर नेहमीप्रमाणे बिघडला होता आणि ते तेजस्वीच्या पथ्यावर पडलं. कार्यक्रम प्रयोगशाळेतच ठेवला. समितीवर सांगलीच्या मगदूम मॅडम होत्या. निवृत्त झालेल्या, पण नजर अजून नोकरीत. त्यांनी उभी हयात बेदाण्यातलं सल्फाइट मोजण्यात घालवली होती, तीही याच पद्धतीनं. सर त्यांना दारापर्यंत घ्यायला गेले होते. आपल्या बाजूचा माणूस, असा हिशेब होता.

तेजस्वीनं तीन प्रकरणं सांगितली. चौथ्याशी आल्यावर थांबली.

“चौथं प्रकरण मी मागं घेते.”

सर खुर्चीत सरळ झाले. “तेजस्वी!”

“का मागं घेते ते दाखवायला मला एक नमुना पाहिजे. ज्यात सल्फाइट नाही, अशी सरांची स्वतःची खात्री असेल असा. माझ्या आईच्या मसाल्यावर सरांचा विश्वास बसत नाही. म्हणून सर, ब्लँक तुम्ही द्या.”

मगदूम मॅडम चष्म्यावरून बघू लागल्या. “रास्त मागणी आहे, सरनोबत. द्या की.”

सरांनी इकडंतिकडं बघितलं. नाही म्हणावं तर भ्यायल्यासारखं दिसेल, आणि सर काही भ्यायलेले नव्हते. त्यांचा खरंच विश्वास होता, हे त्यांच्या जमेच्या बाजूला लिहायला हवं. त्यांनी बॅगेतून डबा काढला, वरची वाटी उघडून पुढं केली. लसणाची चटणी होती.

“घे. माझ्या घरची. बायकोनं काल माझ्यासमोर वाटलेली. यात सल्फाइट निघालं तर मी ब्युरेट खाली ठेवतो.”

“आत्ता गं बया,” मागून शालूबाई पुटपुटल्या.

चटणी फ्लास्कमध्ये गेली. आम्ल उकळू लागलं, नळीतून बुडबुडे पिवळ्या द्रावणात फुटू लागले. तेजस्वी बोलत राहिली, पण ऐकत कुणी नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्या पिवळ्यावर. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते, निवांत. जरा वेळानं पिवळ्याच्या कडेला नारिंगी झाक आली आणि बघता बघता सगळं गुलाबी.

 

“सर,” तेजस्वीनं विचारलं, “काकू चटणीत सल्फाइट घालतात, असं छापायला द्यायचं का?”

शालूबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी पदरात दाबलं, पण पदर पुरला नाही.

सर उठले, फ्लास्कजवळ आले, वाकून बघितलं. ब्युरेटचा नळ तपासला, नळ्यांचे जोड हातानं चाचपले. सगळं त्यांनीच तिला शिकवलं होतं तसं होतं.

“फालतू पद्धत!” शेवटी ते म्हणाले.

“पद्धतीला शिव्या घालू नका,” मगदूम मॅडम कडाडल्या. “बेदाण्यात हिनं मला एकदाही फसवलं नाही. बेदाण्यात लसूण असतो का? तिला येतं ते काम सांगायचं सोडून तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला बसवलंत. पोरी, खरं सल्फाइट कसं ओळखणार?”

“पुण्यात मोठं मशीन आहे, मॅडम. ते रेणूचं वजन बघून ओळखतं. पण महाग आहे, आणि लसणाच्या नमुन्याला आधी नीट तयार केलं नाही तर तेही फसतं. शिवाय विचाराल तेवढंच सांगतं. मला सहा महिने तरी लागतील.”

“घे सहा महिने.”

शालूबाई पुढं आल्या. “ते असू दे. मला लिहून दे, आमच्या मसाल्यात काय न्हाय म्हणून.”

“ते नाही लिहिता येणार, मावशी.”

“आँ? आत्ता तर म्हणत हुतीस!”

“या पद्धतीनं दोष ठरत नाही, तसा निर्दोषपणाही ठरत नाही. हिला लसणापुढं दिसतच नाही. पुण्याहून आकडा येईपर्यंत मी एवढंच लिहीन की छापलेला आकडा धरायचा नाही.”

“म्हंजे चोर हाय असंबी न्हाय, चोर न्हाय असंबी न्हाय?”

“व्हय.”

शालूबाईंनी तिला खालीवर बघितलं. “लई चिवट हाईस. आमच्या गटात पायजे हुतीस. लिही तेवढं तर लिही. आन पेपरातबी तेवढ्याच अक्षरात आलं पायजे.”

संध्याकाळी तेजस्वी मुदतवाढीचा अर्ज घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. सर तोवर सावरले होते. माणूस पडला तरी अध्यापक उभाच असतो.

“मी काय म्हणतो,” ते आपुलकीनं म्हणाले, “यावर पेपर चांगला होईल. लसूण आणि या पद्धतीच्या मर्यादा. आपण दोघं. माझं नाव...”

“होईल की, सर. नमुन्यांच्या यादीत पहिली काकूंची चटणी टाकू.”

सरांनी घसा खाकरला आणि अर्जासाठी हात पुढं केला, पेनाचं टोपण काढलं. तेजस्वीनं अर्ज मागं ओढला आणि त्याच्या जागी दुसरा कागद सरकवला. वर्तमानपत्राच्या संपादकांच्या नावानं चार ओळी होत्या: छापलेला आकडा धरू नये.

“आधी यावर सही करा, सर.”

“आणि नाही केली तर?”

“तर मग मुदतवाढीवरही करू नका. मी कागलला जाते. लसूण सोलता येतो मला.”

सरांनी त्या चार ओळी वाचल्या. मग त्यांनी सही केली, दोन्हीकडं. पहिली जरा वाकडी आली. ती परत करून द्या, असं तेजस्वीनं म्हटलं आणि त्यांनी दिलीही.